बिअरमधली खडीसाखर आणि आपला कोरडा जिल्हा



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट आणि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. गेल्या काही महिन्यांत शिवारफेरीला निघालो की पुलगावकडच्या सभासदांकडून एक प्रश्न हमखास येतो. पुण्या-मुंबईकडे नोकरीला गेलेली पोरे सणासुदीला घरी येतात आणि सांगतात, की तिकडे नव्या तऱ्हेची बिअर निघाली आहे, तीत साखर घालतात, कुठे कुठे गूळही घालतात आणि लोक एका ग्लासाला तीन-चारशे रुपये मोजतात. मग सभासद विचारतात, "साहेब, हे खरं हाय का जी? अन् खरं असन, तं आपल्या कारखान्यानं काहून नाही काढाव?" लगेच दुसरा कोणी त्याला जोड देतो, "चंद्रपूरची बंदी उठली, मंग आपली कवा उठते?"

प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही सरळ आहेत. उत्तरेही सरळच द्यावीत म्हणून हा लेख. कोणी विचारेल, ऊसवाल्या साहेबाला बिअरचे काय कळते? तर ही वस्तू आम्ही चाखलेली आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणासाठी गेलो होतो, तेव्हा पुण्यातच चाखली. तिथे ती कायद्याने मिळते, त्यामुळे लपवण्यासारखे काही नाही.

शब्द आपला, साखर त्यांची

या जोरदार बिअरचे मूळ गाव बेल्जियम. युरोपातला छोटा देश, आपल्या विदर्भाच्या एक तृतीयांशाहूनही लहान. तिथे बिअरचे शेकडो प्रकार आहेत आणि तिथली बिअरची परंपरा युनेस्कोने २०१६ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यांतल्या सर्वांत कडक प्रकारांत जवाबरोबर साखर पडते. तिला ते 'कँडी' म्हणतात. हा शब्द ऐकून आपल्या माणसाने कान टवकारावेत, कारण तो आपलाच आहे. संस्कृतात 'खंड', फारसीत 'कंद', अरबीत 'कंदी' आणि तिथून युरोपात 'कँडी'. आपली खडीसाखर आणि खांडसरी याच गोत्रातल्या.

शब्द आपला गेला, पण साखर मात्र उसाची नाही, बीटाची. त्याचे कारण राजकारणात आहे. बीटाच्या कंदात साखर असते हे १७४७ साली बर्लिनच्या मार्गग्राफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते. पण ते ज्ञान पन्नास-साठ वर्षे नुसते पडून होते. पुढे नेपोलियनचे इंग्रजांशी वैर पेटले, समुद्रमार्गे येणारी उसाची साखर तुटली, तेव्हा १८११ साली त्याने बीट लावण्याचे फर्मानच काढले. बेल्जियम त्या वेळी त्याच्याच राज्यात होता. म्हणजे ज्या पिकाने जगाच्या बाजारात उसाला पहिली टक्कर दिली, ते सरकारी हुकुमाने उभे राहिले. साखरेचा भाव आणि सरकारचे धोरण यांची गाठ आजची नाही, हे यावरून ध्यानात यावे.

साखर घालूनही गोड नाही

आता ही बिअर बनते कशी ते पाहू. जव भिजवतात, त्याला मोड आणतात आणि मग तो वाळवून भरडतात. लेकरांसाठी गव्हाचे सत्त्व काढणाऱ्या आपल्या मायबहिणींना यातले निम्मे काम ठाऊक आहे. मोड आलेला दाणा गरम पाण्यात धरला की त्यातल्या पिठाची साखर होते. तो गोड रस हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळतात. याच वेळी खडीसाखर किंवा तिचा काळसर पाक कढईत पडतो. मग रस निवला की त्यात यीस्ट सोडतात. उबेत, वरच्या थराला फेस धरून आंबते त्या बिअरला 'एल' म्हणतात. थंडीत, तळाशी, सावकाश आंबते ती 'लागर'. आपल्याकडे बाटलीत मिळते ती बहुतेक लागरच.

इथे एक गंमत आहे. साखर घातली तर बिअर गोड व्हायला हवी, असे आपल्याला वाटते. होते उलटे. जवाच्या रसातला काही भाग यीस्टला खाता येत नाही, तो मागे राहतो आणि बिअरला दाटपणा देतो. साखर मात्र यीस्ट शेवटच्या कणापर्यंत खाऊन टाकते. त्यामुळे साखर घातली की मद्यार्क वाढतो, पण बिअर जड होत नाही, गोडही होत नाही. वेस्टमाल येथील मठाची 'ट्रिपल' ही फिकट रंगाची एल १९३४ पासून त्या नावाने विकली जाते. तिच्यात ९.५ टक्के मद्यार्क आहे, तरी पिणाऱ्याला ती हलकी वाटते. साखरेची ही करामत.

ऊस उत्पादकाने यातून एक धडा घ्यावा. जे सूक्ष्म जंतू तिथे चवीचे कारागीर आहेत, तेच आपल्या फडात चोर आहेत. तोडलेला ऊस उन्हात पडला, की त्यातली खडी बांधणारी साखर फुटून साधी होते आणि जंतू तिच्यावर ताव मारतात. साखर पोत्यात येण्याऐवजी हवेत जाते. बेल्जियमचा मठवासी आंबवण्याची वेळ घड्याळ लावून मोजतो, आणि आपण तोडलेल्या उसाची मोळी दोन-दोन दिवस बांधावर ठेवतो. तोडणीनंतर २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडला पाहिजे, हे आम्ही दर हंगामात सांगतो. पुन्हा एकदा सांगून ठेवतो.

चव कशी आहे

आम्ही चाखली ती पुण्यातच बनलेली, बेल्जियन पद्धतीची काळसर एल होती. छोट्या बिअरभट्ट्यांची सुरुवात महाराष्ट्रात २००९ साली पुण्यातल्या 'डूलाली'पासून झाली आणि आता त्या शहरात तशा बऱ्याच आहेत. आपल्याकडे बिअरला ८ टक्के मद्यार्काची मर्यादा आहे, म्हणून मठाच्या मूळ बिअरइतकी ती कडक नसते. फळ्यावर साडेसात टक्के लिहिले होते. ग्लास पोटात फुगीर, तोंडाशी निमुळता, खाली दांडी असलेला. थंडगार देत नाहीत, मडक्यातल्या पाण्याइतकी गार देतात. फार गारठली तर वास मरतो.

रंग काकवीचा. नाकाशी धरली तर आधी करपट साखरेचा वास, मग मनुका, मग लवंग आणि पिकल्या केळ्याचा. बरोबरच्या पुतण्याला आम्ही विचारले, लवंग घातली आहे काय? तो म्हणाला, "काका, काहीच घातलेले नाही, हे सगळे यीस्टचे." पुढे वाचून खात्री केली, ते खरे आहे. पहिला घोट कोरडा आणि किंचित कडू, घशाखाली उतरताना ऊब. गुऱ्हाळावर काहिलीतला रस गुळावर यायच्या बेतात असतो, त्या वेळी चुलाणाशी उभे राहिले की जो वास येतो, त्याच्या जवळपास जाणारा वास शेवटी मागे राहतो. एक ग्लास संपायला आम्हाला तास लागला. वस्तू चांगली आहे. चांगल्याला वाईट म्हणण्याचे कारण नाही. अर्थात शेजारच्या टेबलावरचे दोघे तीच वस्तू पाण्यासारखी ओढत होते. त्यांना लवंग लागली की केळे, देव जाणे.

एका ग्लासाचा हिशेब

ग्लासाचे बिल सुमारे साडेतीनशे रुपये झाले. आता पेन्सिल घ्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त दर ठरवला. म्हणजे एक ग्लास बिअर बरोबर एक क्विंटल ऊस.

पुढचे गणित याहून बोलके आहे. अशा कडक एलच्या एका ग्लासात साखर किती पडत असेल? आमच्या ढोबळ हिशेबाने १० ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे. एका क्विंटल उसातून सव्वादहा किलो साखर निघते. म्हणजे एका क्विंटलची साखर हजार ग्लासांना पुरली. हजार ग्लासांचे झाले साडेतीन लाख. त्यात आपल्या साखरेची किंमत फार तर चारशे रुपये.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की बिअर हे आपल्या साखरेचे गिऱ्हाईक नव्हे. सगळ्या महाराष्ट्राने बेल्जियन बिअर प्यायची ठरवली तरी आपले गोदाम रिकामे होणार नाही. आणि साडेतीन लाखांतला मोठा वाटा जातो तो जवाला, हॉप्सला, यंत्राला, सरकारी कराला, शहरातल्या जागेच्या भाड्याला आणि नावाला. 'गूळ घालतात म्हणे' एवढ्यावर बिअरची भट्टी काढायची भाषा करणे म्हणजे बाजारात तुरी.

नावाची गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. त्यांची साधी खडीसाखर रंगाप्रमाणे फिकट, तांबूस आणि काळी अशी निवडून, प्रत्येकीचे वेगळे नाव लावून विकली जाते. आपली काकवी मात्र जुन्या तेलाच्या डब्यात, आपला गूळ पोत्यात, अन् भाव ठरवणार अडत्या. कोल्हापूरच्या गुळाने भौगोलिक मानांकन मिळवले. आपल्याकडे गुऱ्हाळ चालवणाऱ्या सभासदांनी निदान रसायन न घातलेला गूळ आणि स्वच्छ बाटलीतली काकवी एवढे तरी करावे. त्याला बिअरची गरज नाही आणि दारूच्या परवान्याचीही नाही.

मठाचा नियम

या बिअरीतली सर्वांत नावाजलेली ती ट्रॅपिस्ट साधूंची. हे लोक स्वतःच्या हातच्या श्रमावर जगावे असे व्रत घेतलेले. कोणी चीज करतात, कोणी बिअर. पवनारच्या आश्रमाजवळ राहणाऱ्या आपल्याला श्रमाचे हे व्रत नवीन वाटू नये. 'अस्सल ट्रॅपिस्ट' असा शिक्का लागायचा असेल तर तीन अटी आहेत. माल मठाच्या आवारात झाला पाहिजे. कामावर साधूंची देखरेख पाहिजे. आणि उत्पन्न मठाच्या निर्वाहाला व गोरगरिबांच्या कामाला लागले पाहिजे. आखेलच्या मठात साधू उरले नाहीत, तेव्हा २०२१ साली त्यांनी तो शिक्का सोडून दिला. बिअर तीच होती, पण शिक्का गेला. वेस्टव्लेटेरेनच्या मठाची बिअर तर जगभर नावाजलेली, तरी ते गरजेपुरतीच काढतात आणि मुख्यतः मठाच्या दारातच विकतात. मागणी आहे म्हणून भट्टी वाढवत नाहीत.

सहकारात आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून थोडे थांबावेसे वाटते. मालक सभासद, देखरेख सभासदांची, नफा सभासदांच्या गावाला, हा आपलाही शिक्का होता. तो कागदावर आहे, वागण्यात किती उरला याचा ज्याने त्याने विचार करावा.

आणखी एक बाब. ही कडक बिअर बनवणारे साधू स्वतः जेवताना पितात ती साधी, हलकी बिअर. ऑर्व्हालच्या मठात साधूंसाठीची वेगळी बिअर साडेतीन टक्क्यांचीच असते. जो बनवतो तो कडक पीत नाही, हे ध्यानात ठेवावे.

त्यांची बंदी आणि आपली

आता दुसरा प्रश्न. बेल्जियममध्ये एवढी कडक बिअर का वाढली, याची काही कारणे आहेत, त्यात एक कायद्याचे आहे. १९१९ साली व्हँडरव्हेल्ड नावाच्या समाजवादी न्यायमंत्र्याने एक कायदा आणला. कामगार जिनीव्हरसारखी ऊर्ध्वपातित दारू पिऊन संसार बुडवत होते. कायद्याने गुत्त्यात ती देण्यास मनाई केली, आणि दुकानात एका वेळी किमान दोन लिटर घेतलीच पाहिजे असे ठरवले. हेतू हा, की मजुराच्या खिशाला ते झेपू नये. दारूचा खप खरोखरच घटला. पण ज्यांना जोर हवा होता ते कडक बिअरकडे वळले आणि भट्टीवाल्यांनी तशी बिअर पुरवली. तो कायदा १९८३ साली गेला. बिअर राहिली.

आपल्या जिल्ह्यात बापूजी आणि विनोबाजींच्या वास्तव्यामुळे पन्नास वर्षांपासून बंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. आपल्या पुलगावची तर तऱ्हाच न्यारी. नावातच पूल, आणि वर्धा नदीवरचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा. कायदा नदीच्या अलीकडे, दुकान पलीकडे.

बंदीने काय झाले ते डोळे उघडून पाहिले पाहिजे. चोरून आणायची तर माणूस हलकी वस्तू आणत नाही. पिशवीत कमी जागेत जास्त जोर मावतो तेच आणतो. म्हणून बंदीच्या जिल्ह्यात बिअर दिसत नाही, दिसते ती देशी आणि नाल्याकाठची मोहाची. बेल्जियमच्या कायद्याने कडक दारू जाऊन बिअर आली. आपल्याकडे सौम्य ते गेले, कडक ते उरले. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, तिथे बंदी नव्हती. पण जिथे सगळाच माल चोरून येतो, तिथे बाटलीत काय आहे हे विचारायचे कोणाला?

मग बंदी उठवावी काय? आमचे उत्तर, नाही. त्याचे कारण तत्त्वज्ञानात नाही, आम्ही गावोगाव जे पाहतो त्यात आहे. बंदी उठवा म्हणणारे सगळे बाप्ये असतात. बैठक संपल्यावर दाराआडून एखादी माउली बोलते ते निराळे असते. एका गावी एक बाई आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, बंदी हाय म्हणून तं यायले नदीपार जा लागते. निदान रोज तं नाही जात." एवढ्या एका वाक्यात बंदीचा खरा उपयोग आला. दार बंद होत नाही, पण लांब जाते. आणि ते लांब असणे ज्या घराला उपयोगी पडते, त्या घराला विचारल्याशिवाय ते जवळ आणण्याचा अधिकार आम्हा-तुम्हाला नाही.

पुण्यात साडेतीनशे रुपये मोजून तासभर एक ग्लास चाखणारा आणि उसाचे बिल जमा झाले त्या रात्री नदीपार जाणारा, या दोघांची गोष्ट एकच म्हणून सांगू नये. पहिल्याच्या चवीचा हक्क दुसऱ्याच्या बायकोच्या ताटातून वसूल होत असेल, तर पहिल्याने नदीपार जाऊन चाखावी. आम्ही पुण्याला जाऊन चाखली, त्यात आमचे काही बिघडले नाही.

आपल्या हातात काय आहे

बंदी राखणे हे केवळ पोलिसांचे काम म्हणून हात झटकता येणार नाहीत. राज्यात खपणारी देशी दारू मुख्यतः मळीच्या स्पिरिटची असते, आणि मळी साखर कारखान्यांचीच. तेव्हा साखरधंद्याने सोवळ्याचा आव आणू नये. आज मळीला आणि रसाला दुसरे गिऱ्हाईक उभे आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य देशाने २०२५ साली गाठले. ज्या मद्यार्काने घर पेटते तोच मोटारीच्या टाकीत घातला तर गाव चालते. कोणी डिस्टिलरीचा विषय काढील, त्याने तो इंधनापुरता काढावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी दोन गोष्टी आम्ही सुचवतो, वार्षिक सभेत त्यांवर चर्चा व्हावी.

पहिली, ऊस बिलाचे खाते नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने असावे. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'त जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे करायला लावला होता, आणि विदर्भातल्या गावांनी तो केलाही. जमीन नावे करता येते तर बिलाच्या खात्यावर दुसरे नाव घालायला काय जड आहे? सक्ती नको. पण जो सभासद करील त्याचे नाव या अंकात छापावे.

दुसरी, तोडणीच्या टोळ्या. फडावर दिवस उगवायच्या आत कोयता चालतो आणि संध्याकाळी मुकादमामार्फत उचलीतूनच दारू पोचते, अशी तक्रार आमच्या कानावर येते. ज्या मुकादमाविरुद्ध हे सिद्ध होईल, त्याच्याशी पुढच्या हंगामाचा करार करू नये. हातपाय थरथरणाऱ्या माणसाकडून ऊस बुडख्याशी तासला जात नाही, वर दोन इंच राहतो. आणि त्या दोन इंचांत सर्वांत जास्त साखर असते, हे सभासदांना आम्ही वेगळे सांगायला नको.

चव घेणे वेगळे आणि बुडणे वेगळे, हे मठातल्या साधूंना कळले म्हणून ते कडक बनवतात आणि हलकी पितात. आपल्याला साखर बनवायची आहे. ती चांगली बनवावी, तिला नाव मिळवून द्यावे आणि तिचे पैसे घरी न्यावेत. सभासदांनी आपली मते गट कार्यालयात लेखी द्यावीत, घरच्या बाईमाणसांना विचारून द्यावीत. विरोधी मते आली तरी ती या पानावर छापण्याची विनंती आम्ही संपादक मंडळास केली आहे. लागणीची नोंद वेळेत करावी, ही नेहमीची विनंती आहेच.

— ऊस विकास अधिकारी